पंचविसाच्या आतले गिअर : विजेच्या रोड सायकलींवर वाचकांचे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून विजेच्या रोड सायकलींबद्दल पत्रं आली आहेत. बहुतेकांनी एकच विचारलंय : किती गिअरची घ्यावी? त्याआधी कोणत्या गिअरची, हे ठरायला हवं. म्हणून पहिल्या उत्तराला जास्त जागा दिली आहे. पुढची उत्तरं त्यातल्याच हिशेबावर उभी आहेत, तेव्हा घाईत असलात तरी पहिलं वाचून मगच आपल्या गावाच्या प्रश्नाकडे जा.

चाळीसगाव : सुट्टीच्या दिवशी कन्नड घाट चढतो. पन्नाशी आली, गुडघा बोलू लागलाय, म्हणून मोटरवाली रोड सायकल घ्यायची आहे. एकीत मोटर मागच्या हबमध्ये (चाकाच्या मधल्या भागात), पुढे पायडलपाशी ५० आणि ३४ दातांच्या दोन चेनरिंग (दातेरी चकत्या) आणि मागे ११ ते ३४ दातांच्या ११ चक्रांची कॅसेट, म्हणजे चक्रांचा संच. दुसरीत मोटर क्रँकपाशी (पायडलच्या दांड्यापाशी), पुढे ४२ दातांची एकच चेनरिंग आणि मागे ११-४२, तीही ११ चक्रांची. दुकानदार म्हणतात, २२ गिअरची घ्या, घाटात कामाला येतील. घेऊ का?

२२ या आकड्याने तुमचा घाट सोपा होणार नाही. ५०-३४ आणि ११-३४ या जोडीत बरेच गिअर एकमेकांवर पडतात. पुढच्या ५० वर मागचं २५ लावलं तर पायडलच्या एका फेऱ्यात चाक बरोबर दोनदा फिरतं. पुढच्या ३४ वर मागचं १७ लावलं तरी दोनदाच. असे सारखे गिअर वगळले की खरोखर वेगळे चौदाच्या आसपास उरतात. घाटात लागतो तो सगळ्यात हलका गिअर, आणि तो तर दोन्ही सायकलींत तंतोतंत एकच आहे : एकीकडे ३४ ला ३४, दुसरीकडे ४२ ला ४२. दोन्हींचं गुणोत्तर १.

हा हिशेब घरी करता येतो. ७०० × २८ टायरचा घेर सुमारे २.१३६ मीटर असतो. चेनरिंगच्या दातांना मागच्या चक्राच्या दातांनी भागा, त्याला २.१३६ ने गुणा, मग पायडलच्या मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणा आणि शेवटी ०.०६ ने. उत्तर ताशी किलोमीटरमध्ये येतं. गुणोत्तर १ आणि मिनिटाला ७० फेरे असतील तर वेग ताशी ९ किलोमीटर. तुमचं आणि सायकलीचं मिळून वजन १०० किलो धरलं, तर ८ टक्के चढावर या वेगाला सुमारे २१५ वॅट लागतात. त्यातले ११० तुम्ही दिलेत तर उरलेले मोटरने द्यायचे. गुडघ्याचं दुखणं मुख्यतः जड गिअरमध्ये मिनिटाला ४५-५० फेऱ्यांवर रेटत राहण्यातून वाढतं. ७० फेरे टिकतील असा गिअर हाताशी असणं, हे मोटरच्या आकारापेक्षा महत्त्वाचं आहे.

दुसरा आकडा २५ चा. आपल्याकडे मोटर वाहन नियमांनुसार पायडलला मदत करणाऱ्या सायकलीची मोटर तीस मिनिटांच्या मोजणीत २५० वॅटच्या आत असावी लागते, आणि तिची मदत कमी होत होत ताशी २५ किलोमीटरला पूर्ण बंद व्हावी लागते. तेवढं पाळलं तर सायकल मोटर वाहन धरली जात नाही. २५ च्या पुढे मात्र मोटर आणि बॅटरीचं वजन तुम्ही एकटे ओढता. म्हणून सपाटीवर २५ च्या अलीकडचे-पलीकडचे तीनचार गिअर जवळजवळ असावेत. तसे नसले तर मोटर सुटली की एक गिअर फार जड आणि त्याखालचा फार हलका, अशी पायांची ओढाताण होते. मिनिटाला ८० फेऱ्यांवर ५० च्या चेनरिंगला मागे २१, १९, १७, १५ लावत गेलात तर वेग येतात २४.४, २७, ३०.२ आणि ३४.२. ४२ च्या चेनरिंगला मागे १९, १७, १५, १३ लावले तर २२.७, २५.३, २८.७ आणि ३३.१. दोन चेनरिंगवाल्या सायकलीच्या पायऱ्या थोड्या जवळ आहेत, इतकाच फरक. ९० फेऱ्यांवर पहिली ताशी ५२ पर्यंत जाते, दुसरी ४४ पर्यंत. कन्नड घाटाच्या वळणांवर उतरताना ४४ च्या पुढे पायडल मारायची गरज नाही, मारूही नये.

तिसरा मुद्दा मोटर कुठे आहे हा, आणि तुमचा निर्णय यावरच व्हायला हवा. हबमधल्या मोटरला सायकलीचे गिअर ठाऊक नसतात. तुम्ही गिअर बदलता तो फक्त तुमच्या पायांसाठी. लांब चढावर वेग पडला की कंट्रोलर बॅटरीतून तेवढाच करंट ओढत राहतो, आणि त्यातला मोठा हिस्सा चाक फिरवण्याऐवजी मोटरची गुंडाळी तापवण्यात जातो. क्रँकपाशी असलेल्या मोटरची ताकद तुमच्याच चेनमधून जाते, म्हणून तुमचा हलका गिअर तिचाही हलका गिअर होतो. तुम्ही ७०-८० फेरे ठेवलेत की तीही तिच्या सोयीच्या वेगात फिरते.

तुम्ही सायकल घाटासाठी घेताय, म्हणून क्रँकपाशी मोटर असलेलीच घ्या. त्या मोटरवर ४० किंवा ३८ दातांची चेनरिंग बसते का, तेही खरेदीआधी लेखी विचारून घ्या, कारण या मोटरींना चेनरिंग बसवायचा स्पायडर बहुधा ज्याचा त्याचा वेगळा असतो. ३८ लावली की सगळ्यात हलका गिअर ०.९ वर येतो, म्हणजे ७० फेऱ्यांना ताशी ८.१. वरचा वेग ९० फेऱ्यांना जवळजवळ ४० राहतो. फार थोडं जातं आणि गुडघ्याला मोठा आराम मिळतो. चाळीसगाव ते धुळे अशी सपाटीवरची, गटाने, ३० च्या वेगाची सायकलस्वारी हे तुमचं मुख्य काम असतं, तर हब मोटर आणि दोन चेनरिंग हीच निवड ठरली असती.

चाचणी घेताना एक करा. मोटर पूर्ण बंद करून एखादा छोटा चढ सगळ्यात हलक्या गिअरमध्ये चढून बघा. बॅटरी संपल्यावर घाटात नेमकं हेच करावं लागतं.

शिरपूर : देशी बनावटीची २५० वॅट हब मोटरची सायकल आहे. पुढे ४२ ची चेनरिंग, मागे ७ चक्रांचं १४-२८ फ्रीव्हील (आट्यांनी बसणारा चक्रांचा संच). बिजासन घाटात मोटर चालू असूनही पाय अडतात. मागे ३४ चं चक्र बसवता येईल का? इथले मिस्त्री म्हणतात, मोटरचं चाक आम्ही उघडत नाही.

येईल. मिस्त्रींची भीतीही खरी आहे, त्याचं कारण पुढे येईल.

आधी आकडे बघा. ४२ ला २८ म्हणजे १.५. मिनिटाला ६० फेऱ्यांवर ताशी ११.५ किलोमीटर. वेग त्याखाली गेला की पाय अडणारच. मागे १४-३४ चं सात चक्रांचं फ्रीव्हील मिळतं. त्याची चक्रं १४, १६, १८, २०, २२, २४ आणि एकदम ३४. त्याने तुम्ही ६० फेऱ्यांवर ९.५ पर्यंत खाली याल. पण २४ वरून ३४ ची उडी मोठी आहे, ४० टक्क्यांहून जास्त. चढाच्या मध्येच ती घेतलीत तर पाय क्षणभर पोकळ फिरतात. पुढची चेनरिंग ३८ ची केली तर २८ वरच ताशी १०.४ मिळतात, सगळे गिअर सारखेच हलके होतात आणि उडी कुठेच येत नाही. ३८ ला १४ मिनिटाला ८० फेऱ्यांवर ताशी २७.८ देतात. मोटर २५ ला सोडते, म्हणजे वरच्या टोकाला तुमचं काही जात नाही. आमचा सल्ला असा : आधी चेनरिंग बदला, महिनाभर घाट करून बघा, मग फ्रीव्हीलचं ठरवा. एक अडचण येऊ शकते. या सायकलींच्या क्रँकवर चेनरिंग पुष्कळदा रिव्हेटने ठोकलेली असते. बोल्ट दिसत नसतील तर क्रँकसेटच बदलावा लागेल. तो घेताना बॉटम ब्रॅकेटचा (क्रँक ज्यावर फिरतो त्या भागाचा) चौकोनी एक्सल आणि चेनची रेषा जुन्यासारखीच ठेवा.

फ्रीव्हील बदलायचंच झालं तर क्रम असा.

बॅटरी काढून बाजूला ठेवा. मोटरच्या वायरचा जोड सरळ ओढून सोडा, पिळू नका. आतल्या पिना वाकतात. बहुतेक जोडांवर बाण असतो, परत लावताना बाण समोरासमोर आले पाहिजेत. एक्सलचे नट बहुधा १८ मिमीच्या पान्ह्याने सुटतात. नट काढण्याआधी वॉशर आणि टॉर्क आर्म (मोटरचा एक्सल जागेवर फिरू नये म्हणून लावलेली पट्टी) कोणत्या क्रमाने बसलेत त्याचा मोबाइलवर फोटो घ्या. चाक निघालं की फ्रीव्हील काढायचं बारा खाचांचं टूल एक्सलवर सरकवून बघा. मिस्त्री अडतात ते इथेच. साध्या सायकलीचं टूल मोटरच्या जाड एक्सलवरून आत जात नाही, आणि वायर त्याच बाजूने निघत असेल तर तीही टूलच्या भोकातून ओवावी लागते. मोठ्या भोकाचं, पातळ भिंतीचं टूल आधी मिळवा, मगच चाकाला हात घाला. पाना किंवा छिन्नी लावून फ्रीव्हील फिरवायचा प्रयत्न केलात तर मोटरच्या अॅल्युमिनियम झाकणाचे आटे जातात, आणि मग ते झाकण, म्हणजे जवळजवळ मोटरच, बदलायची वेळ येते.

टूल बाकड्याच्या शिकंज्यात पक्कं धरा, चाक त्यावर बसवा आणि चाकच डावीकडे, घड्याळाच्या उलट, फिरवा. जाम असेल तर आट्यांवर गंज सोडवणारं तेल टाकून रात्रभर ठेवा. नवं बसवताना आट्यांना ग्रीस लावा आणि पहिले तीनचार फेरे हातानेच द्या. हाताला अडलं तर आटे तिरपे धरलेत, मागे घ्या. पुढे पायडलच्या जोराने ते आपोआप घट्ट होतं.

नव्या फ्रीव्हीलवर मागचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) ३४ घेतो का, ते त्याच्या माहितीपत्रकात बघा. लहान पिंजऱ्याचे काही डिरेलर २८ वरच थांबतात. चेनची लांबी मोजताना ती डिरेलरमधून न ओवता पुढच्या मोठ्यात मोठ्या आणि मागच्या मोठ्यात मोठ्या चक्रावर गुंडाळा, आणि जिथे जुळते त्याच्या पुढे आणखी दोन कड्या, म्हणजे एक इंच, ठेवा. चेन आखूड राहिली तर ३४ वर टाकताच डिरेलर ताणून उपटला जातो. डिरेलरचं वरचं छोटं चाक आणि ३४ च्या चक्रात ५ ते ६ मिमी अंतर राहील असा बी-स्क्रू, म्हणजे हे अंतर ठरवणारा डिरेलरचा स्क्रू, फिरवा.

एक्सलचे नट ३५ ते ४० न्यूटन-मीटरला आवळा आणि टॉर्क आर्म परत लावायला विसरू नका. नट ढिले राहिले तर मोटर एक्सललाच ड्रॉपआउटमध्ये (फ्रेमच्या ज्या खाचेत एक्सल बसतो तिथे) फिरवते, खाच रुंदावते आणि वायर पिळून तुटते. रस्त्यात ते काहीच करता येत नाही.

जळगाव : क्रँकपाशी मोटर असलेली सायकल. जुन्या साध्या रोड सायकलीवर चेन सहज टिकायची. हिच्यावर लवकर घसरू लागते, आणि जोर दिला की मागच्या चक्रावर कडकन सरकते. चेनमध्ये दोष आहे का?

बहुधा चेन चांगलीच आहे. तिच्यावरचा भार दुपटीच्या आसपास गेलाय. ४२ दातांच्या चेनरिंगची त्रिज्या सुमारे ८५ मिमी असते. मोटरने ५० न्यूटन-मीटर टॉर्क दिला की चेनवर ५८८ न्यूटनचा, म्हणजे साधारण ६० किलो वजनाइतका, जादा ताण येतो. तुमच्या पायाचा ताण त्याहून वेगळा. या ताणात असताना गिअर बदलला तर चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर चढताना दोनतीन दातांवर सगळा भार येतो. कडाड असा आवाज ऐकू येतो तो हाच.

सवय बदलली की आयुष्य वाढतं. एका वेळी एकच गिअर टाका. बदलण्याच्या क्षणी पाय चालू ठेवा, पण जोर अर्धा करा. काही मोटरींना गिअर ओळखणारा सेन्सर असतो, तो त्या क्षणी मोटर थोपवतो. तो नसेल तर हे काम तुमच्या पायांनीच करायचं आहे. चढ दिसला की आधीच हलक्या गिअरवर या. चढाच्या मध्यात अडल्यावर बदलू नका.

आता मोजमाप. बारा इंची स्टीलची पट्टी घ्या. चेन ताणलेली ठेवून शून्य एका पिनच्या मध्यावर लावा. नवी चेन असेल तर बारा इंचांची खूण दुसऱ्या पिनच्या मध्यावरच येते. पिन खुणेच्या एक सोळांश इंच, म्हणजे सुमारे दीड मिमी, पुढे गेली की झीज अर्धा टक्का झाली. ११ आणि १२ चक्रांच्या चेनला हीच वेळ. ८-९-१० चक्रांची चेन पाऊण टक्क्यापर्यंत चालते. वेळेवर बदललीत तर एका कॅसेटवर दोनतीन चेन जातात. उशीर केलात तर झिजलेली चेन चक्राचे दात आपल्या मापाने खाऊन टाकते, आणि मग त्या चक्रावर नवी चेन सरकते. तुम्ही लिहिलेलं कडकन सरकणं हे त्याचंच लक्षण आहे. त्यामुळे या वेळी चेन आणि कॅसेट दोन्ही बदलावी लागतील.

नव्याने घेताना शिमानोची लिंकग्लाइड पद्धत विचारात घ्या. जाड, वेगळ्या आकाराचे दात असलेली ही कॅसेट विजेच्या सायकलींचा भार डोळ्यांसमोर ठेवून काढली आहे, आणि तिचं आयुष्य नेहमीच्या कॅसेटच्या तिप्पट असल्याचा कंपनीचा दावा आहे. २०२३ मध्ये आलेल्या क्यूज या संचात तीच आहे. तिच्यासाठी शिफ्टर (गिअर बदलायची कळ) आणि डिरेलरही त्याच पद्धतीचे लागतात, नुसती कॅसेट जुन्या डिरेलरवर बसवून भागणार नाही. वजन थोडं जास्त आहे. मोटर असलेल्या सायकलीवर ते जाणवत नाही.

जळगाव-भुसावळ भागातल्या काळ्या मातीबद्दल दोन शब्द. उन्हाळ्यात तिची धूळ ओल्या तेलावर बसून चेनमध्ये कानसासारखी चालते. म्हणून मार्च ते जून कोरडं ल्यूब (चेनचं वंगण) किंवा मेण वापरा, आणि ल्यूब लावल्यावर बाहेरचं कापडाने पूर्ण पुसून काढा. आत राहिलेलंच कामाचं असतं. पावसाळ्यात शेतरस्त्याचा चिखल चेनवर वाळू देऊ नका. घरी आल्याबरोबर बादलीभर पाण्याने धुवा. प्रेशर पंपाचा फवारा मोटरच्या आणि हबच्या बेअरिंगवर मारू नका.

नंदुरबार : शिमानोच्या सोरा संचाची ९ गिअरची अॅल्युमिनियम रोड सायकल आहे, रिम ब्रेकची. तिला मागच्या हब मोटरचा किट लावून सध्याचेच गिअर ठेवता येतील का?

किट मागवण्याआधी तीन मापं घ्या.

मागच्या ड्रॉपआउटमधलं अंतर. रिम ब्रेकच्या रोड सायकलीला ते १३० मिमी असतं. बहुतेक हब मोटरी १३५ च्या असतात. पोलादी फ्रेम पाच मिमी ताणता येते. अॅल्युमिनियमची ताणू नये, ती वाकण्याऐवजी वेल्डजवळ तडकते. कार्बन फ्रेमचा विचारच नको. पुढच्या चाकात मोटर बसवण्याची पळवाट काही जण सुचवतात. कार्बन फोर्कवर ती जिवावर बेतू शकते. म्हणजे तुमच्यासाठी १३० मिमीचीच मोटर शोधावी लागेल.

मोटरवर कॅसेट बसते की आट्यांचं फ्रीव्हील. कॅसेटची असेल तर तुमचे ९ गिअरचे शिफ्टर तसेच चालतील. फ्रीव्हीलची असेल तर अडचण आहे. सात चक्रांच्या फ्रीव्हीलमध्ये चक्रांमधलं अंतर ५ मिमी असतं आणि ९ च्या कॅसेटमध्ये सुमारे ४.३५. सोराचा शिफ्टर प्रत्येक क्लिकला थोडा कमी सरकवेल, आणि तीनचार गिअरनंतर चेन दोन चक्रांच्या मध्ये घासत राहील. अशा वेळी शिमानोच्याच क्लॅरिस संचाचे ८ गिअरचे शिफ्टर सात चक्रांवर नीट चालतात, एक क्लिक रिकामी राहते एवढंच.

तिसरं, रिमची भोकं. रोड सायकलीच्या मागच्या रिमला २० ते ३२ भोकं असतात आणि मोटरच्या हबला बहुधा ३६. म्हणजे तुमची सध्याची रिम वापरता येणार नाही. किट घेताना ७०० च्या रिममध्ये बांधलेलं पूर्ण चाक मागा.

हलक्या गिअरसाठी एक जमेची बाजू आहे. शिमानोच्या ९ गिअरच्या रोड शिफ्टरवर त्यांचाच ९ गिअरचा माउंटन डिरेलर चालतो, त्यामुळे मागे ३६ पर्यंतची कॅसेट लावता येते. हीच युक्ती शिमानोच्या टियाग्रा ४७०० संचावर करू नका. तो १० गिअरचा असला तरी त्याची केबल ओढण्याची चाल ११ गिअरच्या रोड संचासारखी आहे, जुने १० गिअरचे डिरेलर त्याच्याशी जुळत नाहीत.

तिन्ही मापं जुळली नाहीत तर ही सायकल आहे तशी ठेवा. तीही चांगली सायकल आहे.

शहादा : तोरणमाळ एका चार्जमध्ये चढून जायचं आहे. बॅटरी ३६ व्होल्ट १० अँपिअर-अवर. हब मोटर, ५०-३४ आणि ११-२८. जमेल का?

बॅटरीत ३६० वॅट-अवर आहेत. उष्णतेत आणि मोटरच्या आतल्या गिअरमध्ये जातं ते वजा केलं तर चाकापर्यंत सुमारे २७० पोचतात. तोरणमाळ साधारण साडेअकराशे मीटर उंचीवर आहे, शहाद्याहून हजार मीटरच्या आसपास चढाई. १०० किलो वजन हजार मीटर उचलायलाच २७२ वॅट-अवर लागतात. यात सपाटीचं अंतर, टायरचं घर्षण आणि वारा धरलेलाच नाही. मोटरच्या भरवशावर तुम्ही वर पोचणार नाही. निम्मं काम पायांनी केलंत तर पोचाल आणि बॅटरीत थोडं उरेल.

निम्मं काम पायांनी करायचं तर ११-२८ ची कॅसेट आडवी येते. ३४ ला २८ म्हणजे १.२१. तुम्ही दमून मिनिटाला ५० फेऱ्यांवर आलात की वेग ताशी ७.८ असतो आणि त्याखाली गिअर नाही. मग माणूस काय करतो? मोटरची पातळी वाढवतो. हळू वेगात, जास्त करंटवर, लांब चढावर हब मोटर तापते आणि स्वतःला वाचवण्यासाठी मदत कमी करते, नेमकी तोरणमाळच्या वाटेवरच्या सातपायरी घाटाच्या वळणांवर. मागे ११-३४ लावा. त्यासाठी मागचा डिरेलर लांब पिंजऱ्याचा लागेल आणि चेन नवी, लांब लागेल. पायथ्यापर्यंत मोटर बंद किंवा सगळ्यात खालच्या पातळीवर ठेवा. घाटात मधली पातळी ठेवून ६५ च्या वर फेरे राखा. सगळ्यात वरची पातळी वापरू नका. हबला हात लावून बघा. तळवा टेकवून ठेवता येत नसेल तर दहा मिनिटं थांबा.

निघण्याआधी एल-स्क्रू तपासा, म्हणजे डिरेलरला स्पोककडे कुठवर जाऊ द्यायचं ते ठरवणारा स्क्रू. नव्या मोठ्या चक्रावर चेन पलीकडे जाऊन स्पोकमध्ये अडकली तर डिरेलर, हँगर आणि तीनचार स्पोक एकदम जातात. आपल्या फ्रेमचा हँगर (डिरेलर ज्यावर बसतो तो तुकडा) सोबत ठेवा. तो फ्रेमप्रमाणे वेगळा असतो आणि धडगावात काय, शहाद्यातही तयार मिळेलच असं नाही.

अमळनेर : शाळेत जायला-यायला रोज १४ किलोमीटर, सगळा रस्ता सपाट. चेनचं काळं कपड्यांना लागतं आणि गिअरची खटखट सहन होत नाही. काही सोपं आहे का?

आहे. ताई, तुमच्यासाठी हबच्या आत गिअर असलेली सायकल योग्य. शिमानोचा नेक्सस ८ गिअरचा हब ३०७ टक्क्यांचा पल्ला देतो, म्हणजे सगळ्यात जड गिअर सगळ्यात हलक्याच्या तिप्पट. सपाटीला हे भरपूर झालं. विजेच्या सायकलींसाठी काढलेला ५ गिअरचा हबही आहे. त्याचा पल्ला २६३ टक्के आहे आणि तो जास्त भार सोसतो. उभ्या सायकलीवर गिअर बदलता येतो, हा चौकात सिग्नलला मोठा फायदा. चेनवर पूर्ण झाकण बसवता येतं. चेनऐवजी दातेरी पट्टा घेतलात तर तेलच नाही. पट्ट्यासाठी मात्र फ्रेमला मागच्या बाजूला उघडणारा जोड लागतो, तो नसलेल्या फ्रेमवर पट्टा चढत नाही. मागच्या हबमध्ये गिअर असले की मोटर तिथे बसत नाही, ती क्रँकपाशी किंवा पुढच्या चाकात असावी लागते. मागचं चाक पंक्चर झालं तर खोलायला वेळ जास्त लागतो, म्हणून टायर जाड, पंक्चररोधक घ्या.

धुळे : मोटर चालू असताना हलक्या गिअरमध्ये पाय नुसते फिरतात, जोर लागतच नाही. गिअर बिघडलेत का?

गिअर ठीक आहेत. तुमच्या सायकलीला पायडल फिरतंय एवढंच ओळखणारा सेन्सर आहे. पाय फिरले की मोटर तिच्या पातळीइतका वेग गाठते, आणि हलक्या गिअरमध्ये तुमचे पाय त्या वेगाला पुरे पडत नाहीत. मोटर २२ वर नेत असेल तर ८० फेऱ्यांना सुमारे २.१५ गुणोत्तराचा गिअर लावा, मग पायांना जोर लागेल आणि बॅटरीही वाचेल. उलटी अडचण थांबून निघताना येते. जड गिअरमध्ये उभे राहिलात तर पायडल अर्धा फेरा फिरेपर्यंत मोटर येत नाही. लळिंगच्या चढावर थांबण्याआधी तीन गिअर खाली या. पुढची सायकल घेताना पायाचा जोर मोजणारा टॉर्क सेन्सर असलेली घ्या. त्यात मदत तुमच्या जोराच्या प्रमाणात मिळते, आणि गिअर बदलल्याचा फरक पायांना खरा कळतो.

भुसावळ : इलेक्ट्रॉनिक शिफ्टिंगची, म्हणजे केबलऐवजी विजेवर गिअर बदलणारी, सायकल घ्यावी का? आपल्याकडे ४५ च्या वर तापमान जातं. बॅटऱ्या टिकतील का?

चालवताना सहसा त्रास होत नाही. धोका चार्जिंगच्या वेळी आहे. डीआयटू या शिमानोच्या इलेक्ट्रॉनिक शिफ्टिंगची छोटी बॅटरी चार्ज करण्याची वरची मर्यादा ४५ अंश आहे, आणि सायकलींच्या मोठ्या बॅटऱ्यांची बहुधा ४०. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी चार्जिंगला लावली तर दोन्ही मर्यादा मोडतात, आणि लिथियमच्या पेशी कायमच्या कमजोर होतात. दुपारी फिरून आल्यावर बॅटरी काढून घरातल्या थंड फरशीवर तासभर ठेवा, चार्जिंग रात्री उशिरा किंवा पहाटे करा. महिनाभर सायकल लागणार नसेल तर बॅटरी पूर्ण भरून ठेवू नका, निम्म्याच्या आसपास ठेवा.

क्रँकपाशी मोटर असलेल्या सायकलीत इलेक्ट्रॉनिक शिफ्टिंगचा खरा उपयोग आहे. काही संचांत गिअर बदलताना मोटर आणि डिरेलर एकमेकांशी जुळवून घेतात आणि चेनवरचा झटका कमी होतो. हब मोटरच्या सायकलीत हा फायदा नाही, तिथे केबलचे गिअर घ्या आणि वाचलेले पैसे मोठ्या पल्ल्याच्या कॅसेटवर घाला. केबल मात्र दर पावसाळ्यानंतर आतल्या आणि बाहेरच्या आवरणासकट बदला. आवरणात धूळ शिरली की शिफ्टर ओढतो पण सोडताना केबल अडते, आणि चेन जड गिअरकडे उतरायला उशीर करते.